अठराव्या वर्षाआधीची सही: एका शालेय क्रिकेटपटूच्या एजन्सी-कराराचे प्रकरण

मध्य मुंबईतल्या एका महाविद्यालयात मी वाणिज्य शाखेला व्यवसाय कायदा शिकवते आणि गेली काही वर्षे जिमखाना समितीचे कामही माझ्याकडे आहे. या दोन कामांचा एकमेकांशी फारसा संबंध येत नसे. बारावीतल्या एका क्रिकेटपटूचे वडील प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये अकरा पानांचा इंग्रजी करारनामा घेऊन जिमखान्याच्या खोलीत आले, तेव्हा तो संबंध आला. कुटुंबाच्या संमतीने हे प्रकरण मांडत आहे. मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि एजन्सी, क्लब, प्रशिक्षक यांची नावे दिलेली नाहीत.

मुलगा लालबागच्या चाळीत वाढलेला. वडील बेस्टच्या आगारात मेकॅनिक आहेत आणि आई घरून पोळी-भाजीचे डबे देते. सातवीत असल्यापासून तो शिवाजी पार्कवरच्या एका क्लबच्या नेट्सना जात होता. दहावीच्या वर्षी हॅरिस शील्ड या आंतरशालेय स्पर्धेच्या सामन्यांत त्याने ओळीने मोठ्या खेळी केल्या आणि एका मराठी दैनिकात त्याचा फोटो आला. मुंबईत शालेय क्रिकेटच्या धावफलकाला जे महत्त्व आहे ते बाहेरच्या माणसाला सहज कळणार नाही. १९८८ मध्ये याच स्पर्धेत तेंडुलकर आणि कांबळी यांनी आझाद मैदानावर ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, २०१३ मध्ये पृथ्वी शॉने ५४६ धावा काढल्या, आणि २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावांचा डोंगर उभा केला. असा आकडा फलकावर लागला की त्या मुलाचे बालपण त्याच संध्याकाळी सार्वजनिक होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या आयपीएल लिलावात तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीवर १ कोटी १० लाखांची बोली लागली, त्यानंतर तर चौदा वर्षांखालील मुलांच्या सामन्यांनाही सीमारेषेबाहेर कोरे बूट घातलेली, हातात व्हिजिटिंग कार्ड असलेली माणसे मला दिसू लागली आहेत.

या मुलाकडे एजंट आला तो थेट आला नाही. क्लबच्या सरांनी नेट्स संपल्यावर वडिलांना बोलावून घेतले आणि सांगितले की ही चांगली माणसे आहेत, मुलाचे किट, आहार, फिजिओ सगळे बघतील, तुम्ही काळजी सोडा. सातवीपासून ज्यांनी फी कधी थकली तर अवाक्षर काढले नाही, त्या सरांचा शब्द या घरात प्रमाण होता. इंग्लिश विलोच्या चांगल्या बॅटला मेकॅनिकच्या पगाराचा मोठा हिस्सा जातो, आणि जोरकस खेळणाऱ्या मुलाला एक बॅट हंगामभर पुरतेच असे नाही. आठवड्याभरात नोटरीसमोर सह्या झाल्या. मुलाचे वय तेव्हा पंधरा वर्षे आणि काही महिने होते.

फोल्डरमधला तो करारनामा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. प्रत्येक पानाच्या तळाशी तीन सह्या होत्या. एजन्सीच्या माणसाची एक रेघ, वडिलांची देवनागरीतली थरथरती सही, आणि मुलाची, शाळेच्या वहीवर नाव घालतात तशी, आडनावासकट सुटी-सुटी अक्षरे काढून केलेली. वडिलांनी एकही पान वाचलेले नव्हते, कारण ते त्यांना वाचता येण्यासारखे नव्हते. आईने तर कागद पाहिलाच नव्हता. मी एकेक कलम मराठीत सांगू लागले आणि ते मान खाली घालून ऐकत राहिले.

मुदत पाच वर्षांची होती आणि मुदत संपण्याच्या १८० दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही तर ती आपोआप आणखी तीन वर्षे वाढणार होती. खेळाशी संबंधित ‘सर्व उत्पन्ना’तून एजन्सीला २५ टक्के मिळणार होते, आणि सर्व उत्पन्नात जाहिरातींबरोबर सामन्याचे मानधन, बक्षिसे आणि शिष्यवृत्तीसुद्धा धरलेली होती. किट आणि आहार ही मदत नव्हती, ती उचल होती, आणि खेळाडूने करार मोडल्यास ती १८ टक्के व्याजाने परत करण्याची हमी वडिलांनी स्वतःच्या नावाने दिलेली होती. करार संपल्यानंतरही पुढचा कोणताही प्रस्ताव आधी याच एजन्सीला दाखवायचा आणि तिने तेवढीच रक्कम देऊ केली तर तिच्याशीच करार करायचा, अशी अट होती. मुलाच्या इन्स्टाग्राम खात्याचा पासवर्डही एजन्सीकडेच होता.

वडील आले होते ते मात्र यातल्या कोणत्याही कलमासाठी नाही. एका क्लब सामन्यात बॅटच्या कंपनीचा प्रतिनिधी मुलाला भेटला आणि दुसऱ्या वर्षाचे पैसे मिळाले ना, असे त्याने सहज विचारले. मुलाला पहिल्याही वर्षाचे मिळालेले नव्हते. बॅटवरच्या स्टिकरसाठी कंपनी काही रक्कम देते हेच घरात कोणाला ठाऊक नव्हते. दोन बॅटी आणि एक किटबॅग मिळाली म्हणजेच स्पॉन्सरशिप, असा त्यांचा समज होता. “मॅडम, पैशाचं राहू द्या एक वेळ,” वडील म्हणाले, “पण आम्ही विचारलं तर पोराला खेळवणं बंद करतील का, तेवढं सांगा.”

कायद्याचा आधार आणि त्याची मर्यादा

वर्गात मी जे शिकवते त्याप्रमाणे हे प्रकरण पाच मिनिटांत संपायला हवे होते. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ११ प्रमाणे अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्ती करार करण्यास सक्षम नाही, आणि ब्रिटिश काळातले सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या प्रकरणात असा करार मुळापासूनच रद्दबातल ठरवला. पालकाने सोबत सही केल्याने त्यात जीव येत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चे कलम ८ नैसर्गिक पालकाला मुलाच्या हिताची कृत्ये करण्याचा अधिकार देते, पण वैयक्तिक वचनाने मुलाला बांधून टाकण्यास स्पष्ट मनाई करते. पाच वर्षे अमुकच एजन्सीमार्फत खेळीन, हे वैयक्तिक वचन नाही तर दुसरे काय आहे? करार संपल्यावरही पुढचा प्रस्ताव आधी एजन्सीलाच दाखवण्याच्या अटीबाबतही कायदा मुंबईत चाललेल्या, क्रिकेटशी जोडलेल्या एका खटल्यात स्पष्ट झालेला आहे. परसेप्ट डी’मार्क विरुद्ध झहीर खान या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एजन्सीच्या बाजूचा मनाई हुकूम रद्द केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो निर्णय कायम ठेवताना सांगितले की मुदत संपल्यानंतर लागू होणारी अशी अट करार कायद्याच्या कलम २७ च्या, म्हणजे व्यवसायाला बंधन घालणारे करार रद्दबातल ठरवणाऱ्या कलमाच्या, विरोधात जाते, आणि ज्या नात्याचा पायाच परस्परांवरचा विश्वास आहे ते नाते न्यायालय जबरदस्तीने टिकवू शकत नाही.

मात्र रद्दबातल करार दोन्ही बाजूंनी रद्दबातल असतो, हे वर्गात शिकवताना आपण पटकन पुढे नेतो आणि इथे नेमके तेच आडवे आले. याच शहरातल्या चित्रपटसृष्टीतून आलेला राजराणी विरुद्ध प्रेम अदीब हा १९४९ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय मी त्या रात्री पुन्हा वाचला. अज्ञान मुलीला चित्रपटात भूमिका देण्याचा करार निर्मात्याने तिच्या वडिलांशी केला होता. नंतर भूमिका दुसरीला दिली गेली, आणि न्यायालयाने ठरवले की त्या करारावर ना मुलीला दावा लावता येतो, ना वडिलांना. म्हणजे आमच्या मुलाने करारावर बोट ठेवून ‘माझा ७५ टक्क्यांचा वाटा द्या’ असे म्हटले असते तर त्याच कायद्याने त्याला दारातून परत पाठवले असते. स्टिकरचे पैसे परत मागण्याचा आधार करारात नव्हता. दुसऱ्याच्या नावावर आलेला पैसा कोणालाही विनाकारण खिशात ठेवता येत नाही, या तत्त्वावरच तो उभा करावा लागणार होता, आणि दिवाणी न्यायालयात तो उभा करण्यास किती वर्षे लागली असती हे मुंबईत राहणाऱ्याला सांगण्याची गरज नाही.

वडिलांच्या हमीचा प्रश्न आणखी नाजूक होता. मुलगा अज्ञान असला तरी वडील सज्ञान होते, आणि सज्ञान माणसाने स्वतःच्या नावाने दिलेली हमी मुलाच्या वयाबरोबर आपोआप गळून पडत नाही. एजन्सीच्या वकिलाने करार करताना हे नीट ओळखलेले होते, कारण अकरा पानांतले सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेले कलम तेच होते.

आणखी एक गोष्ट मला त्या आठवड्यात खटकली आणि अजून खटकते. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी मनोरंजन व क्रीडा क्षेत्रातल्या बालकांना काही संरक्षण दिले. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांची मर्यादा, आणि मुलाच्या उत्पन्नाच्या किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत. नियम चांगला आहे, पण त्या कायद्यातले बालक म्हणजे चौदा वर्षे पूर्ण न झालेले मूल. आमचा मुलगा पंधरा वर्षांचा होता. करारासाठी तो अठरापर्यंत अज्ञान आणि ठेवीच्या संरक्षणासाठी मात्र चौदालाच मोठा झालेला. हॅरिस शील्ड खेळणारी बरीच मुले याच फटीत असतात.

बैठक

माझ्या एका माजी विद्यार्थिनीने, जी आता वकिली करते, कुटुंबाच्या वतीने एजन्सीला पत्र पाठवले. करार रद्दबातल असल्याची लेखी कबुली, वडिलांच्या हमीतून मुक्तता आणि स्टिकरच्या रकमेचा हिशेब, एवढेच त्यात मागितले होते. दोन आठवड्यांनी एजन्सीचा माणूस जिमखान्यात आला. टेबल टेनिसचे टेबल मिटवून आम्ही खुर्च्या मांडल्या.

तो उद्धट नव्हता, आणि त्याचे म्हणणे इथे पूर्ण द्यायला हवे. तो म्हणाला की आम्ही दहा मुलांवर खर्च करतो, त्यातले नऊ पुढे जात नाहीत, आणि दहाव्याकडून तो खर्च निघाला नाही तर मुलांना उभे करायला कोणी पुढेच येणार नाही. याच चाळींतल्या मुलांना बॅट कोण देणार? प्रश्न खरा आहे. सुस्थितीतल्या घरातल्या मुलाला एजंट लवकर लागत नाही, आणि ज्या मुलाला लागतो त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. पण जो माणूस धोका पत्करून पैसे लावतो तो गुंतवणूकदार असतो, आणि जो खेळाडूच्या वतीने बोलतो तो प्रतिनिधी असतो. या दोन भूमिका एकाच कागदात एकाच माणसाकडे आल्या की प्रतिनिधी स्वतःचा धोका भरून काढण्यासाठी ज्याचे प्रतिनिधित्व करायचे त्याच्याच खिशात हात घालतो. नऊ मुलांवर बुडालेला खर्च दहाव्या अज्ञान मुलाच्या कमाईतून वसूल करायचा, हे त्या मुलाने कधी मान्य केले होते?

मग त्याने खर्चाचा तक्ता टेबलावर ठेवला. बॅट, पॅड, हेल्मेट, प्रथिनांचे डबे, फिजिओच्या सहा भेटी, टॅक्सी. तक्त्याच्या मध्यावर एक ओळ होती, ‘ओळख शुल्क’, आणि त्यापुढे क्लबच्या सरांचे नाव. सरांना मुलगा मिळवून दिल्याबद्दल दिलेली रक्कम मुलाच्याच नावे उचल म्हणून लिहिलेली होती. तक्ता आमच्यापुढे ठेवणाऱ्यालाही त्यात लपवण्यासारखे काही वाटले नसावे, कारण हा रिवाजच आहे. मुलाने ती ओळ वाचली आणि बराच वेळ तो काहीच बोलला नाही. नंतर माझ्याकडे वळून त्याने एवढेच विचारले, “मॅडम, उद्या नेटला जाऊ ना?”

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा त्या ओळीत आहे. कायदा कागद तपासतो, पण या मुलाला बांधून ठेवणारी गोष्ट कागदात नव्हतीच. ती सरांच्या शब्दात होती, फुकट वाटलेल्या बॅटमध्ये होती, ‘खेळवणं बंद करतील का’ या वडिलांच्या भीतीत होती. करार रद्दबातल आहे हे एजन्सीच्या वकिलाला पहिल्या दिवसापासून माहीत असणार. तो न्यायालयात चालावा म्हणून केलेलाच नव्हता, मुलाला आणि घराला आपण बांधलेले आहोत असे वाटावे म्हणून केलेला होता, आणि दोन वर्षे तो चोख चालला. म्हणून नियमन करायचे असेल तर ते सहीच्या क्षणाच्या बरेच आधी, एजंट मुलापर्यंत पोहोचतो त्या वाटेवर व्हायला हवे.

इतरत्र काय आहे

अमेरिकेत विद्यार्थी खेळाडूंच्या एजंटांसाठी २००० मध्ये राज्यांकरिता एक समान नमुना कायदा तयार झाला, २०१५ मध्ये तो सुधारला गेला, आणि २००४ मध्ये संघराज्य पातळीवर स्वतंत्र कायदाही झाला. करारावर ठळक इशारा छापणे, सही झाल्यापासून १४ दिवसांत विद्यार्थ्याला तो रद्द करता येणे, आणि ७२ तासांच्या आत शिक्षणसंस्थेच्या क्रीडा विभागाला कळवणे ही त्या नमुन्यातली मुख्य कलमे. आपल्याकडे या कलमांचा दाखला पुष्कळदा दिला जातो, पण त्यामागचा हेतू वेगळा आहे हे सांगायचे राहून जाते. तिथे एजंटशी करार केला की विद्यार्थ्याची महाविद्यालयीन स्पर्धेतली पात्रता जाण्याचा धोका होता, म्हणून संस्थेला तातडीने कळणे तिच्या स्वतःच्या हिताचे होते. जुलै २०२१ पासून तिथल्या विद्यार्थ्यांना स्वतःचे नाव आणि प्रतिमा यांवर कमाई करण्याची मुभा मिळाली आणि तो हेतूही बदलत चालला आहे. आपल्या मुलाच्या पात्रतेला स्टिकरच्या पैशाने धक्का लागत नाही. त्याला धोका पैसे मिळण्याचा नाही, न मिळण्याचा आहे. तेव्हा ७२ तासांचा नियम घ्यावा, पण मुलाच्या बाजूने त्रयस्थ माणूस उभा राहावा यासाठी घ्यावा.

अज्ञान खेळाडूंबाबत सर्वांत नेमका विचार मला फुटबॉलमध्ये दिसतो. फिफाच्या एजंट नियमावलीप्रमाणे परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते, आणि ज्या वयात खेळाडूला त्या देशाच्या कायद्याप्रमाणे पहिला व्यावसायिक करार करता येतो त्याच्या सहा महिने आधीपर्यंत एजंटने त्याच्याशी संपर्कही साधायचा नसतो. संपर्क साधायचा तर पालकांची पूर्वलेखी संमती हवी, आणि एजंटने अज्ञान खेळाडूंविषयीचे वेगळे प्रशिक्षण पूर्ण केलेले हवे. खेळाडूशी होणारा प्रतिनिधित्वाचा करार दोन वर्षांपलीकडे जात नाही. या नियमावलीतल्या मोबदल्याच्या मर्यादेवरून युरोपात खटले झाले आणि २०२३ च्या अखेरीस तिचा काही भाग स्थगित झाला, पण संपर्काच्या वयाचे तत्त्व त्यामुळे कमी मोलाचे ठरत नाही. लालबागचा हाच मुलगा क्रिकेटऐवजी फुटबॉल खेळत असता तर दहावीत त्याच्याकडे कोणी फिरकणे नियमबाह्य ठरले असते.

क्रिकेटमध्ये ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड इथे एजंटांच्या मान्यतेच्या कामात खेळाडूंच्या संघटनांचा वाटा आहे. आपल्याकडे क्रिकेटच्या कारभारात सुधारणा सुचवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने २०१६ च्या अहवालात एजंटांच्या नोंदणीची शिफारस केली होती, पण २०१९ मध्ये स्थापन झालेली क्रिकेटपटूंची संघटना निवृत्त खेळाडूंची आहे, खेळत्यांची नाही, आणि शाळकरी मुलाचा तर कुठेच पत्ता नाही. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याचा रोखही मुख्यतः क्रीडा महासंघांच्या कारभारावर आहे. खेळ हा विषय मात्र राज्यघटनेच्या राज्यसूचीत, नोंद ३३ मध्ये आहे, त्यामुळे महाराष्ट्र विधिमंडळाला दिल्लीची वाट न पाहता कायदा करता येईल. अमेरिकेतला नमुना कायदाही राज्या-राज्यांनीच स्वीकारलेला आहे.

माझ्या मते अशा कायद्यात मोबदल्याच्या टक्केवारीपेक्षा तीन गोष्टींना आधी जागा हवी. प्रशिक्षकाने खेळाडूच्या ओळखीबद्दल एजंटकडून काहीही घेणे हा दंडनीय गुन्हा ठरावा. अठरा वर्षांखालील खेळाडूच्या नावे येणारा प्रत्येक रुपया त्याच्याच बँक खात्यात जमा व्हावा आणि एजंटने आपला वाटा तिथून मागून घ्यावा. आणि करार मराठीत, किंवा पालकांना जी भाषा वाचता येते तिच्यात असावा. पहिली गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण शिवाजी पार्क, आझाद मैदान, क्रॉस मैदान इथे तुटपुंज्या फीवर पहाटेपासून राबणारे प्रशिक्षकही गरजूच असतात, आणि त्यांच्या कष्टांची भरपाई क्लबने वा असोसिएशनने कशी करावी हे ठरवल्याशिवाय निव्वळ बंदी टिकणार नाही. पण ती टाळून बाकीचे कितीही नियम केले तरी एजंट पुन्हा त्याच वाटेने येईल.

पुढे काय झाले

बैठकीनंतर एजन्सी गप्प राहिली. मुलाच्या अठराव्या वाढदिवशी सकाळी त्याच्या व्हॉट्सॲपवर शुभेच्छांसोबत एक पानी ‘पुष्टिपत्र’ आले. पूर्वीचा करार मला मान्य आहे, एवढेच त्यात होते, आणि खाली सहीची जागा. अज्ञान असताना केलेल्या कराराला सज्ञान झाल्यावर मागून मान्यता देता येत नाही, नव्या मोबदल्यावर नवाच करार करावा लागतो, हा आपल्याकडचा प्रस्थापित कायदा आहे. पण सही झाली असती तर पुढचे वर्षभर त्या पानाचा धाक राहिला असता. मुलाने सही न करता ते मला पाठवले. वकिलाचे दुसरे पत्र गेल्यावर महिन्याभरात तडजोड झाली. वडिलांची हमी लेखी रद्द झाली, स्टिकरच्या रकमेतून बॅट आणि फिजिओचा प्रत्यक्ष खर्च वजा होऊन उरलेले पैसे मुलाच्या खात्यात आले, आणि ओळख शुल्काची ओळ खोडली गेली. इन्स्टाग्रामचा पासवर्ड मिळाला.

क्लब मात्र सुटला. सरांनी त्याला काढले नाही. पण पावसाळ्यात खेळल्या जाणाऱ्या कांगा लीगच्या त्या हंगामात त्याचे नाव अकरांच्या यादीत लागलेच नाही, आणि पावसाळा संपता संपता त्याने दुसऱ्या क्लबकडे नाव घातले. तडजोडीच्या कोणत्याही कलमाने हे नुकसान भरून आलेले नाही. आपल्या सरांविषयी तो आजही एक वाकडा शब्द बोलत नाही.

आमच्या जिमखान्यात आता एक नोंदवही आहे. महाविद्यालयाच्या खेळाडूशी बोलू इच्छिणाऱ्या एजंटने आधी तिच्यात नाव, कोणामार्फत आलो आणि त्या ओळखीबद्दल कोणाला काय दिले हे लिहायचे असते. कराराचा मसुदा आल्यापासून चौदा दिवस सही करायची नाही, आणि त्या काळात तो घरी सगळ्यांसमोर मराठीत वाचून दाखवायचा, असे आम्ही ठरवले आहे. याला कायद्याचे बळ नाही. दोन एजंट वही पाहून परत गेले.

तिसऱ्याने ती भरली. त्याचा मसुदा या मुलासाठीच आहे. दोन वर्षांचा, जाहिरातींच्या उत्पन्नावर १० टक्के, पैसे थेट खेळाडूच्या खात्यात. मुलाने तो घरी नेला, आईला डबे भरताना वाचून दाखवला, आणि परवा मला आणून दाखवला तेव्हा ‘इतर अनुषंगिक उत्पन्न’ या शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढून समोर ‘म्हणजे काय?’ असे लिहिलेले होते. उत्तर अजून आलेले नाही. चौदांपैकी आज नववा दिवस आहे.